एक किलो सातशे ग्रॅम

टाकेबाईंनी आयुष्यात किती तंबू उसवले, जोडले आणि पुन्हा उभे राहण्याच्या लायकीचे केले, याची मोजदाद नाही. तीस वर्षं त्या एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तेच करत आल्या होत्या. पुढे दुकानात बूट, दोर, स्टोव्ह आणि सॅक टांगलेल्या. मागे बारा फुटी टेबल, दोन शिलाई मशिनं, एक जाड कापडासाठी आणि एक नाजूक कापडासाठी, आणि कोपऱ्यात पार्सलं तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. डोंगरावर जाणारे लोक फाटकं सामान आणून टाकत, बाई ते नीट करत, लोक पुन्हा डोंगरावर जात. बाई मात्र खोलीतच. तंबूत झोपण्याचा त्यांचा अनुभव एवढाच, की एकदा दुपारी जेवणानंतर एका अर्धवट शिवलेल्या तंबूवर त्यांचा डोळा लागला होता आणि मालकांनी खाकरून त्यांना उठवलं होतं.

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई. एरवी सगळ्यांसाठी त्या टाकेबाई. स्वभाव सरळ, जीभ जरा धारेची, आणि फाटलेलं काही दिसलं की हात शिवशिवायचे. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या आणि उशीच्या अभ्र्याला भोक दिसलं, तर चहाच्या आधी सुईदोरा मागायच्या. भोक म्हणजे चूक आणि चूक दिसली की ती बुजवायची, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं. हेच शास्त्र पुढे त्यांच्या चांगलंच अंगाशी आलं, पण ते नंतर.

डोंगराचं वेड त्यांच्या डोक्यात आजकालचं नव्हतं. दर हिवाळ्यात गिर्यारोहण मंडळाचे लोक वरच्या खिंडीत मुक्काम करून परत येत, तोंडं वाऱ्याने रापलेली, ओठ फुटलेले, आणि बाईंच्या टेबलावर तंबू टाकून तासभर गप्पा ठोकत. रात्री बर्फ कसा पडला, पहाटे टोक कसं उजळलं, कोण घसरलं, कोण रडलं. बाई मान खाली घालून टाके घालत आणि सगळं ऐकत. आधी मुलगी लहान होती. मग सासूबाईंचं आजारपण निघालं. मग मुलीचं लग्न. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता एकोणसाठावं उलटून आठ महिने झाले आणि मग कुणीतरी गप्पांच्या ओघात मंडळाचा नियम बोलून गेलं. पहिला हिवाळी मुक्काम साठीच्या आत झाला पाहिजे. एकदा जाऊन आलेल्यांनी पुढे सत्तरीतही खुशाल यावं, पण साठीनंतर नवशिक्यांना बंदी. म्हणजे हा हिवाळा गेला की दार कायमचं बंद. त्या दिवशी बाईंनी सुई टेबलात टोचून ठेवली आणि संध्याकाळी थेट मंडळाच्या कचेरीत जाऊन नाव घातलं.

घरी बातमी फुटली तेव्हा जाऊबाई आलेल्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं. "या वयात लोक गुडघे सांभाळतात."

"मीही सांभाळणारच आहे. घरी ठेवून नाही चालले, बरोबरच नेतेय," बाई म्हणाल्या.

बाईंच्या यजमानांनी पाणीपुरवठा खात्यात मीटरचं रीडिंग घेण्यात हयात घालवली होती. रोज दोनशे दारं, दोनशे आकडे. निवृत्तीनंतर त्यांना वाचायला मीटर उरले नव्हते, म्हणून ते घरातल्या घड्याळांवर आणि शेजाऱ्यांवर नजर ठेवत. ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांचे तंबू शिवलेस. आता तुझ्या घोरण्याने लोकांचे तंबू उडवणार का?"

हसण्यावारी नेलं तरी मुद्दा खरा होता. बाई घोरायच्या. यजमान लग्नानंतर पहिल्या महिन्यातच कानात कापूस घालायला शिकले होते. अशा बाईंबरोबर एका तंबूत झोपायला मंडळातली एकही बाई राजी होईना, आणि कुणाची झोप खराब करायची ही कल्पना खुद्द बाईंनाही नकोशी वाटली. तेव्हा तंबू एकटीचा हवा, आणि तो एकटीनेच वाहायला हवा.

आता गुडघा. डॉक्टरीणबाईंनी तो दाबून, वाकवून, फिरवून पाहिला आणि सांगितलं, "जा. पण पाठीवर दहा किलो, त्यावर एक ग्रॅम नाही. वजन वाढवलंत तर हा गुडघा घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

बाईंनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी येऊन सगळं सामान काट्यावर चढवलं. स्लीपिंग बॅग, अंथरायची चटई, लोकरी कपडे, स्टोव्ह, दोन दिवसांचा शिधा, पाणी, बर्फात बुटांना बांधायचे लोखंडी काटे, रिकामी सॅक. बेरीज झाली आठ किलो तीनशे. तंबूसाठी उरले एक किलो सातशे ग्रॅम. तो आकडा त्यांनी खडूने टेबलाच्या कडेवर लिहून ठेवला.

मालक मोठ्या मनाचा माणूस, पण विकणाऱ्याची सवय जाते कुठे. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यात मजबूत माल पुढे केला. हिरवी घुमटी, चार काठ्यांची, कापड असं जाड की त्यात मेंढरं कोंडावीत. "बाई, यावर वादळ आलं तरी तुम्हाला जाग यायची नाही."

काट्याने तीन किलो नऊशे दाखवले. मालकांनी तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या टोकाचा माल काढला. हा फक्त नऊशे ग्रॅमचा. काठ्याच नाहीत, चालायच्या दोन छड्यांवर उभा करायचा, अर्ध्या भिंती जाळीच्या. बाईंनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. "ही तर टोपी घातलेली मच्छरदाणी झाली. उन्हाळ्यात ठीक. यावर हातभर बर्फ बसला की सकाळी मला खणून काढावं लागेल."

मधल्या वजनात दुकानात एकच तंबू होता. पिवळा, लांबट, दोन कमानींचा, एका माणसापुरता, एक किलो साडेनऊशे ग्रॅम. पण त्याचं नाव काढताच बाईंनी हात झटकला. हा पिवळा म्हणजे त्यांच्या टेबलावरचा कायमचा रडका गडी. दर हिवाळ्यानंतर दहा-बारा पिवळे फाटून यायचे. बाकी कुठलाच तंबू इतका यायचा नाही. "ज्याचं दुखणं मीच तीस वर्षं काढतेय, त्याच्यात मी झोपू?" त्यांनी विचारलं.

आठवडा गेला. मुक्काम महिनाभरावर आला आणि बाईंकडे तंबू नाही. यजमानांनी दोन विनोद करून पाहिले, दोन्ही वाया गेले.

बाईंकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. ठिगळ लावायच्या आधी फाटका भाग कापून काढावा लागतो, ते तुकडे त्या त्यात टाकत. कधी तेच कापड जुळवायला उपयोगी पडतं, म्हणून. एके दिवशी काम कमी होतं, तेव्हा त्यांनी तो डबा टेबलावर उपडा केला आणि तुकड्यांचे रंगवार ढीग लावायला बसल्या. पिवळ्यांचा ढीग अपेक्षेप्रमाणे सगळ्यांत मोठा. हिरव्या घुमटीचे मोजून सहा तुकडे. बघा, बाई मनात म्हणाल्या, मजबूत तो मजबूतच. आणि सहज त्यांनी एक हिरवा तुकडा उचलून नाकाशी नेला.

कुबट वास. कडेला बारीक बारीक दातांच्या खुणा. दुसराही तसाच, उंदराने कुरतडलेला. तिसऱ्यावर बुरशी. चौथ्याला सिगारेटचं भोक, तेही कुणाच्या तरी अंगणात पडलेलं असणार. सहांतल्या एकाही तुकड्याने बर्फ पाहिलेला नव्हता. हिरवे तंबू फाटत नव्हते, कारण ते जातच नव्हते कुठे. इतके जड की लोक हौसेने घेत, एकदा उचलून बघत आणि माळ्यावर टाकत. आणि पिवळे फाटून येत, कारण दर हिवाळ्यात वर जाणारे तेच होते. तीस वर्षं ज्याला त्या रडका म्हणत आल्या, तोच एकटा राबत होता.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली, आणि लगेच हुरूपही आला. आता त्या पिवळे तुकडे एकेक करून बघू लागल्या. सगळ्यांची कहाणी एक. ताणाची दोरी जिथे कापडाला शिवलेली असते, त्या कोपऱ्यातच फाटलेलं. मधलं कापड कुठेही गेलेलं नाही, कमान मोडल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं. म्हणजे दुखणं एकच, आणि ते टाक्यांचं. टाक्यांचं दुखणं असेल तर बाईंना कुणापुढे हात पसरायची गरज नव्हती. त्या उठल्या आणि दुकानात नमुन्यासाठी टांगलेला पिवळा स्वतःच्या हाताने उतरवून मागे घेऊन आल्या.

पुढचे दहा दिवस त्यांच्या आयुष्यातले मोठे सुखाचे. आधी त्यांनी तंबूचं वजन उतरवलं. जाड पिशवी गेली, आतले खिसे गेले, चेनची लोंबती टोकं गेली, अकरा भाषांतली धुण्याची सूचना गेली. जाड दोऱ्यांच्या जागी बारीक आणि चिवट दोऱ्या आल्या. मग आठही कोपरे उसवून, खाली दुहेरी कापड घालून, आडवे-उभे-तिरपे टाके घालून त्यांनी असे शिवले, की मालकांनी दोरीला लोंबकळून पाहिलं तरी धागा हलला नाही. काटा म्हणाला, एक किलो सहाशे पंच्याण्णव. बाईंनी काट्याकडे असं पाहिलं, जसं मुलगी पहिली आल्यावर निकालाकडे पाहिलं होतं.

आणि मग त्यांची नजर वर गेली. छताच्या दोन्ही टोकांना तळहाताएवढी दोन भोकं होती, त्यांवर नावापुरती कापडी टोपी. हिवाळ्यात डोंगरावर न्यायचा तंबू आणि छताला भोकं. बनवणाऱ्याच्या मूर्खपणाला बाई मनसोक्त हसल्या. दोन्ही भोकं त्यांनी आतून चार ग्रॅमच्या पट्टीने अशी बेमालूम बुजवली, की शोधून सापडली नसती.

मुक्कामाच्या दोन आठवडे आधी मंडळ चाचणी घेई. पाण्याच्या मोठ्या टाकीमागे उघडं पठार होतं, तिथे एक रात्र काढायची. मंडळाचे प्रमुख एका शाळेचे निवृत्त कवायतमास्तर होते. त्यांना सगळे पाठीमागे शिट्टी म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. चाचणीची त्यांची रीत एकच. पहाटे ते एकेका तंबूत वाकून प्रत्येकाच्या स्लीपिंग बॅगेत कोपरापर्यंत हात घालत. बॅग कोरडी, तर माणूस डोंगरावर. ओली, तर घरी. ओल्या बॅगेला ऊब नसते, आणि एका वर्षी अशाच ओल्या बॅगेपायी एका माणसाच्या पायाची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून शिट्टी कुणाचं ऐकत नसत.

टाकेबाईंना त्या पहाटे जाग आली ती तोंडावर काहीतरी भुरभुरल्यामुळे. त्यांनी डोळे उघडले. तंबूच्या आतल्या अंगाला पांढऱ्या हिमाचा थर बसला होता आणि जरा हललं की त्याची भुकटी खाली पडत होती. बाहेर आभाळ स्वच्छ होतं, बर्फाचा पत्ता नव्हता. बॅग ओलीचिंब. कोपऱ्याचा एक टाका ढिला झाला नव्हता, एका शिवणीतून वारा आला नव्हता, आणि तरीही त्या भिजल्या होत्या. कुठून, हेच कळेना.

शिट्टींनी हात घातला, काढला, पँटला पुसला. "बाई, तुमचं जमणार नाही."

"सर, अजून एकदा संधी द्या. काय झालं ते शोधून काढते."

"चाचणी एकच असते. वर गेल्यावर डोंगरही दुसरी देत नाही."

शेजारचा तंबूवाला दंतवैद्य होता, नव्याकोऱ्या महागड्या तंबूचा धनी. तो दात घासता घासता म्हणाला, "बाईंनी स्वतःलाच आत शिवून घेतलं की काय?" दोघं-तिघं हसले. बाईंनी सामान आवरलं, कुणाकडे न बघता उतरल्या आणि दुकानात येऊन बॅग काट्यावर टाकली. तीनशे दहा ग्रॅम पाणी. घरी आल्यावर त्यांना रडू आवरेना. तीन महिन्यांत साठी होती, आणि ज्या कामात त्यांनी आयुष्य घातलं, त्याच कामात त्या नापास झाल्या होत्या.

यजमानांनी चहा केला. सांत्वन करणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं नेहमीचंच केलं. "अगं, रात्रभर तू केटलीसारखी फुरफुरत असतेस. ती सगळी वाफ जाणार कुठे बिचारी? तू तर तिच्या खिडक्याच शिवून टाकल्यास."

कप बाईंच्या ओठांपाशीच थांबला. त्यांनी तो खाली ठेवला, उठल्या, खिडकीच्या थंडगार काचेवर तोंड नेलं आणि दीर्घ श्वास सोडला. काच धुरकटली आणि थोड्या वेळाने तिच्यावरून एक थेंब ओघळला. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललात."

डोळे पुसून त्या तडक दुकानात गेल्या. तंबू टेबलावर पसरला आणि आपलेच बेमालूम टाके एकेक करून उसवले. जन्मभर त्यांनी भोकं बुजवली होती. आता पहिल्यांदाच एक भोक नीट उघडं कसं राहील, याचा विचार करत होत्या. वरची टोपी नावापुरती होती, तिच्यातून वाऱ्याबरोबर बर्फ आत आला असता. त्यांनी ती मोठी केली आणि तिचं तोंड खाली वळवलं. बर्फाला वर चढून आत शिरता येणार नाही, वाफेला मात्र वाट मोकळी. टोपी वाऱ्याने चपटी होऊ नये म्हणून आत ताठ आणि हलकं काहीतरी हवं होतं. घरात यजमानांचे खात्याचे जुने शर्ट होते. त्यांच्या कॉलरमधल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून बाईंनी टोपीत शिवल्या. आता काटा म्हणाला, एक किलो सहाशे नव्याण्णव. एक ग्रॅम शिल्लक.

पण चाचणी तर हातची गेली होती. बाईंनी शिट्टींना निरोप धाडला नाही की गयावया केली नाही. मालकांची परवानगी घेऊन त्यांनी दुकानाच्या सपाट गच्चीवर पिवळा तंबू उभा केला आणि रोज रात्री त्यात झोपू लागल्या. आजूबाजूच्या घरांत दोन-तीन खिडक्या त्यांच्या घोरण्याने बंद झाल्या, त्याला इलाज नव्हता. रोज सकाळी बॅग काट्यावर. आणि यजमान आकडा घ्यायला हजर, कानाला पेन्सिल लावून, जसे नोकरीत होते तसे. पहिल्या दिवशी बावीस ग्रॅम पाणी. दुसऱ्या दिवशी बाईंनी टोपीचं तोंड अर्ध्या बोटाने वाढवलं, तर पंधरा. मग नऊ. मग आठ.

त्यापुढचं जे घडलं ते बाईंना माहीतच नव्हतं. यजमान आकडा लिहून घेत आणि घरी जायच्या ऐवजी शिट्टींच्या दारी जात. घंटी वाजवत. दार उघडलं की वही बघून म्हणत, "आजचं रीडिंग नऊ ग्रॅम." आणि निघून येत. शिट्टींनी पहिल्या दिवशी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मी काय करू त्याचं?" यजमान म्हणाले, "काही नाही, साहेब. माझं काम आकडा सांगायचं." तिसऱ्या दिवशी शिट्टींनी दार उघडलंच नाही, तर यजमानांनी आकडा दाराबाहेरून ऐकवला. ज्या माणसाने खवळलेल्या कुत्र्यांसमोर आणि थकबाकीदारांसमोर आयुष्य काढलं, तो बंद दाराला थोडाच बधणार होता.

आठव्या दिवशी वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी पडली. रस्त्यावरच्या डबक्यांवर बर्फाची काच धरली होती. बाई तंबूतून बाहेर येतात तो जिन्यातून शिट्टी वर येत होते, मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. "तुमच्या मिस्टरांनी माझं जगणं मुश्कील केलंय," एवढंच ते बोलले, गुडघ्यावर बसले आणि बॅगेत कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ ठेवला. मग काढला आणि या खेपेला पँटला पुसला नाही. छताच्या टोपीकडे मान वर करून पाहत राहिले.

"ही कुणी शिवली?"

"मीच."

"शनिवारी पहाटे पाच वाजता," शिट्टी म्हणाले. "उशीर झाला तर थांबणार नाही."

बाई शनिवारी साडेचारलाच हजर होत्या. पाठीवर नऊ किलो नऊशे नव्याण्णव, आणि गुडघ्याला पट्टा. चढ सुरू झाला आणि तरणीताठी मंडळी पुढे निघून गेली. बाई मागे, एका लयीत, मशिनच्या पायडलवर पाय टाकावेत तशी पावलं टाकत. दुपारपर्यंत पुढे गेलेल्यांपैकी निम्मे वाटेत धापा टाकत बसलेले दिसले आणि बाई त्यांना ओलांडून गेल्या. खिंडीत पोचल्या तेव्हा वारा कानशिलात मारत होता. त्यांनी तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे केली, खुंट्या आडव्या करून बर्फात पुरल्या, वर पायाने दाबलं आणि आठही दोऱ्या ताणल्या. हे सगळं त्यांनी लोकांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. आज हातांनी केलं.

रात्रभर बर्फ पडला. वारा तंबूला धरून हलवत होता आणि बाई पडल्या पडल्या कोपरे ऐकत होत्या. कुठला टाका कुठे घातलाय ते त्यांना पाठ होतं. जरा वेळाने त्यांची खात्री पटली आणि त्या झोपल्या. त्यांच्या घोरण्याची तक्रार सकाळी कुणीच केली नाही, कारण वाऱ्यापुढे ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

उजाडलं. शिट्टी एकेका तंबूपाशी वाकत आले. इथेही नियम तोच, बॅग कोरडी असेल त्यानेच टोकावर जायचं, बाकीच्यांनी तळावर स्टोव्ह सांभाळायचा. बाईंच्या बॅगेत त्यांनी हात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोरडी ठणठणीत."

दोघांच्या बॅगा ओल्या निघाल्या. त्यातला एक दंतवैद्य. बाईंनी त्याच्या तंबूचा फेरा मारला आणि विचारलं, "झरोके बंद केले होते का, डॉक्टर?"

"रात्री वारा फार होता हो."

"माझ्याकडेही तोच होता," बाई म्हणाल्या. मग जरा नरमल्या. त्याच्यासारखंच तोंड त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी आरशात पाहिलं होतं. "दुकानात घेऊन या. टोपी शिवून देते."

बुटांना काटे बांधून त्या टोकाकडे निघाल्या. शेवटचा चढ उभा होता आणि गुडघा ठणकत होता, पण गुडघ्याचं ऐकायला त्यांना वेळ नव्हता. वर पोचल्या तेव्हा चारी बाजूंनी फक्त शिखरं आणि ऊन. बाईंना इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. त्या बर्फात फतकल मारून बसल्या, हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. आपण वर आलोय, आपल्या पायांनी, आपल्या पाठीवर आपलं घर घेऊन, आणि अजून साठी व्हायची आहे. शिट्टी शेजारी उभे होते. त्यांनी मफलर खाली केला आणि म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी चाचणीला माझ्याबरोबर याल का? बॅगा तपासायला दुसरा हात हवाय." बाईंनी मान डोलावली.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला दुकानात आल्या आणि तंबू टेबलावर पसरला. बोटांनी एकेक शिवण चाचपत गेल्या. कोपरे शाबूत, टोप्या शाबूत. फक्त तळाच्या कापडाला दोन बोटांची चीर. आवरायच्या घाईत त्यांच्याच बुटाचा काटा त्यावर पडला होता. मालक दारातून डोकावले. "काय हो बाई, फाटला का?"

"फाटला," बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

दुरुस्तीला आलेल्या मालावर चिठ्ठी बांधायची दुकानाची पद्धत होती. गिऱ्हाईक सांगे, बाई लिहीत. त्यांनी एक कोरी चिठ्ठी ओढली आणि सावकाश, वळणदार अक्षरात भरली. कुणाचा: माझा. कुठे फाटला: वर, खिंडीत. कसा: स्वतःच्या बुटाने. कधी हवा: लवकर, परत जायचंय.